न दिसणारे फिरणे

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात असे वाचले की, काही अणुगर्भ भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरतात आणि त्या फिरण्याच्या ऊर्जांची जी चढती रांग असते तिला ‘परिवलन-पट्ट’ म्हणतात. रात्री पानावर बसल्यावर त्याने ही नवलाई घरात सांगितली. त्याच्या आजोबांचे सारे आयुष्य न्यायशास्त्राच्या अध्यापनात गेलेले. त्यांनी एवढाच प्रश्न केला : “अणुगर्भ कोणी पाहिला नाही, त्याचे फिरणे कोणी पाहिले नाही. मग आकड्यांची रांग पाहून ‘तो फिरतो’ म्हणणे आणि पत्रिका पाहून भविष्य सांगणे यांत भेद तो कोणता?” मुलास उत्तर सुचले नाही. भगिनी लिहितात, “प्रश्न मामंजींचा, त्यामुळे मध्ये बोलणे मला प्रशस्त वाटले नाही, तरी आपण आपल्या सदरातून त्याचे समाधान करावे.”

प्रश्न मर्माचा आहे. शास्त्राविषयी आदर बाळगणाऱ्यांनी तो टाळू नये, असे आम्हांस वाटते. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही त्यालाच वाहिले आहे.

उत्तराचा आरंभ कोल्हापुरातूनच करू. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात; पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांशी, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, असा किरणोत्सवाचा क्रम सांगतात. आता असे समजा की, कोणी एक मनुष्य गाभाऱ्यातच उभा आहे आणि त्यास सूर्य दिसत नाही. तरीही किरण कोणत्या दिवशी आले, कोठवर चढले आणि कोणत्या दिवशी नाहीसे झाले, एवढ्यावरून सूर्य क्षितिजावर एकाच जागी मावळत नाही, तो दक्षिणोत्तर सरकतो, हे त्याला सांगता येईल. नोव्हेंबरात तो दक्षिणेस जाताना आणि जानेवारीत उत्तरेस परतताना त्याच ठिकाणावरून जातो, म्हणून उत्सव वर्षातून दोनदा येतो. हे अनुमानच आहे. परंतु त्याला भविष्यकथन कोणी म्हणणार नाही.

अणुगर्भाच्या बाबतीत शास्त्रज्ञ असाच गाभाऱ्यात उभा असतो. त्याच्या हाती येतात ते केवळ गॅमा किरण. उत्तेजित झालेला अणुगर्भ ऊर्जेच्या एका पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो, तेव्हा त्या दोन पायऱ्यांमधील अंतराइतकी ऊर्जा घेऊन एक किरण बाहेर पडतो. किरणांची ऊर्जा मोजली की जिन्याच्या पायऱ्या मोजल्या गेल्या. मग हा जिना फिरण्याचाच आहे, हे कशावरून?

त्यासाठी निसर्गाचा एक दंडक सांगणे अवश्य आहे. अतिसूक्ष्म वस्तूंस वाटेल त्या वेगाने फिरता येत नाही. त्यांच्या फिरण्यास ०, १, २, ३ असा एक पूर्णांक लागतो. आणि फिरण्याची ऊर्जा त्या अंकास त्याच्या पुढच्या अंकाने गुणून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असते. दुसरी गोष्ट अशी की, अगदी गोल अणुगर्भाच्या बाबतीत असे फिरणे संभवतच नाही; निष्कलंक गोटी फिरली काय आणि न फिरली काय, भेद कोणता? फिरणे ओळखू येण्यास आकार कोठेतरी लांबट हवा. लांबट वस्तूची दोन्ही टोके सारखी असतील, तर अर्ध्या फेरीनंतर ती पूर्ववत् दिसते. त्यामुळे मूळच्या रांगेतून विषम अंक गळतात आणि ०, २, ४, ६, ८ एवढेच उरतात.

आता मुलांनी पेन्सिल घेऊन हिशोब करावा. दोनास तिनाने गुणून ६, चारास पाचाने गुणून २०, साहास सातांनी गुणून ४२, आठास नवांनी गुणून ७२. पायऱ्यांतील अंतरे अनुक्रमे ६, १४, २२ आणि ३० झाली. प्रत्येक अंतर मागच्याहून बरोबर ८ ने मोठे. ही फिरण्याची खूण होय.

हाफ्नियम नावाच्या धातूचा एक प्रकार आहे, १८० भाराचा. त्याच्या एका उत्तेजित स्थितीचे अर्धायुष्य सुमारे साडेपाच तास आहे. ती स्थिती ढळली म्हणजे एकामागून एक जे किरण निघतात, त्यांपैकी चार किरणांची ऊर्जा ९३, २१५, ३३२ आणि ४४३ सहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी भरते. पहिल्या किरणास ६ मानून इतरांचे प्रमाण काढले, तर ६, १३.८, २१.४ आणि २८.५ हे आकडे येतात. १९५३ साली कोपनहेगन येथे ऑगे बोर आणि बेन मोटेलसन यांनी अशा रांगांचा अर्थ लावला आणि हे अणुगर्भ लांबट असून समुच्चयाने फिरतात, असे प्रतिपादन केले. लांबटपणाची कल्पना त्यापूर्वी जेम्स रेनवॉटर यांनी मांडली होती. १९७५ चे नोबेल पारितोषिक या तिघांस मिळाले.

येथे चाणाक्ष वाचक विचारतील, “१४ च्या जागी १३.८ आणि ३० च्या जागी २८.५ हे कसे?” विचारलेच पाहिजे. नियमापेक्षा ऊर्जा कमी भरते, याचा अर्थ वरच्या पायऱ्यांवर अणुगर्भाचे फिरण्याविषयीचे जडत्व वाढलेले असते. याचे कारण समजण्यास घरातला नारळ पुरे आहे. पाण्याचा नारळ हातावर गर्रकन फिरवला, तर करवंटी फिरते आणि आतले पाणी बरेचसे मागे राहते. खडखडीत सुका गोटा मात्र सगळाच्या सगळा फिरतो. पहिल्याचे जडत्व कमी, दुसऱ्याचे अधिक. जड अणुगर्भांचे मोजलेले जडत्व या दोन टोकांच्या मध्ये पडते : घट्ट गोट्यापेक्षा पुष्कळ कमी, पण निव्वळ पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक. आतील कण जोडीजोडीने बांधलेले असतात, त्यामुळे ते फिरण्यात पुरते सामील होत नाहीत. फिरणे वाढले की या जोड्या सैल होतात आणि जडत्व चढते. तात्पर्य, नियमाशी जुळणाऱ्या आकड्यांनी फिरणे सुचवले, आणि न जुळणाऱ्या अंशाने फिरणाऱ्या वस्तूचे अंतरंग सांगितले.

तथापि आजोबांचे समाधान एवढ्याने होऊ नये. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे हे खरे. पण कोल्हापुरात थंडीतल्या सकाळी पंचगंगेवर जे लोंबते ते धूर नव्हे, धुके असते. आकड्यांची रांग दुसऱ्या एखाद्या कारणानेही तशी दिसू शकेल. ज्या आकड्यांवरून अनुमान केले, तेच आकडे पुरावा म्हणून पुन्हा पुढे करता येत नाहीत. यास्तव शास्त्रज्ञ तीन कसोट्या लावतात. पहिली अंतरांची, ती आपण पाहिली. दुसरी रांगेच्या पूर्णतेची : आकारावरून जे अंक असावयास हवेत ते सर्व सापडले पाहिजेत, आणि जे नसावेत ते आढळता कामा नयेत. तिसरी किरणांच्या सामर्थ्याची, आणि हीच आमच्या मते खरी परीक्षा. विद्युद्भार धारण करणारी लांबट वस्तू समग्र फिरत असेल, तर तिचा किरण एकट्या प्रोटॉनच्या उडीतून निघणाऱ्या किरणाहून कितीतरी प्रबळ असला पाहिजे. किती प्रबळ, हे आकारावरून गणिताने काढता येते. अंतरांशी त्या गणिताचा संबंध नाही. हाफ्नियमच्या बाबतीत हे प्राबल्य शंभर पटींहून अधिक भरते. तेथे शंकेस जागा उरत नाही.

परंतु सगळेच अणुगर्भ इतके सरळ नाहीत. त्यांतील दोघांची गोष्ट सांगतो. आणि ती पुन्हा कोल्हापुराशीच येऊन मिळते.

जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील, बनारस हिंदू विश्वविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर, हेही कोल्हापूरचेच. २० मे २०२५ रोजी जयंतरावांचे पुण्यात देहावसान झाले, तेव्हा ज्या घरांत त्यांच्या विज्ञानकथा वाचून मुले वाढली, त्या घरांना आपलेच माणूस गेल्यासारखे वाटले. केंब्रिज येथे त्यांचे गुरु होते फ्रेड हॉईल. या हॉईल यांनी १९५३ साली एक विलक्षण अनुमान केले होते. ताऱ्यांच्या पोटात हेलियमचे तीन अणुगर्भ, म्हणजे तीन आल्फा कण, मिळून कार्बन तयार होतो. परंतु जगात जेवढा कार्बन आहे, तेवढा निर्माण होण्यास कार्बनच्या अणुगर्भात एका ठराविक उंचीवर एक पायरी असलीच पाहिजे, असे त्यांच्या हिशोबात आले. अमेरिकेत कॅलिफोर्निया येथील प्रयोगशाळेत त्यांनी आग्रहाने तिचा शोध घ्यावयास लावला. आणि त्याच वर्षी ती सापडली. दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक धरले, तर तिची उंची ७.६५ एकके आहे. आपल्या पानातला भात, देवापुढची उदबत्ती आणि हे वाक्य वाचणारा वाचक या सर्वांतील कार्बन या पायरीच्या कृपेने आहे.

हॉईल यांचे अनुमान पायरीच्या उंचीपुरते होते. त्या पायरीवर असलेल्या कार्बनचा आकार कसा आणि तो फिरतो काय, हे वेगळे प्रश्न आहेत, आणि ते आजही चालू आहेत.

तिघे एकत्र येण्यापूर्वी दोघे एकत्र येतात. दोन आल्फा कणांचा अणुगर्भ म्हणजे ८ भाराचे बेरिलियम. त्याचा आकार तालमीतल्या डंबेलसारखा, दोन गोळे शेजारी शेजारी, असा समजतात. त्याच्या रांगेत अंक ० च्या वर अंक २ ची पायरी ३.०३ एककांवर आणि अंक ४ ची ११.३५ एककांवर आहे. दंडकाप्रमाणे दुसरी पहिलीच्या ३.३३ पट हवी. येथे ती ३.७५ पट भरते. ढोबळ मानाने ठीक. पण अडचण निराळीच आहे. हे डंबेल क्षणभरही टिकत नाही. अंक ४ च्या पायरीवर त्यास एक फेरी पुरी करण्यास जेवढा काळ लागावा, त्याच्या जेमतेम पंचमांशात ते मोडून दोन्ही गोळे दूर होतात. पाव फेरीही ज्याच्याने होत नाही, त्यास ‘फिरणारा’ म्हणावे काय? की दोन आल्फा कण एकमेकांस नुसते चाटून गेले आणि आपण त्यास डंबेल समजलो? आजोबांचा प्रश्न येथे सर्वांत तीव्रतेने उभा राहतो.

निकाल तिसऱ्या कसोटीनेच लागणार होता. अंक ४ वरून अंक २ वर उतरताना सुमारे आठ एककांचा जो गॅमा किरण निघावा, त्याचे सामर्थ्य मोजले पाहिजे. पण मोडण्याची घाई इतकी, की कोटी वेळांत एखाददुसऱ्या वेळीच असा किरण निघण्याची आशा. हे काम मुंबईत झाले. कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन हे कणवेगवर्धक यंत्र आहे. भाभा अणु संशोधन केंद्र आणि टाटा संस्था ते मिळून चालवितात. तेथे विवेक दातार आणि त्यांचे सहकारी यांनी हेलियम वायूवर हेलियमच्याच कणांचा झोत सोडला. किरण एकीकडे आणि त्याच क्षणी सुटलेले दोन आल्फा कण दुसरीकडे, असे त्रिकूट जेथे एकदम सापडेल तेवढेच जमेस धरावयाचे, बाकी सर्व सोडून द्यावयाचे, अशी त्यांची रीत होती. २००५ साली त्यांनी तो किरण प्रथम प्रत्यक्ष दाखविला. परंतु आकड्यातील अनिश्चितता मोठी होती, म्हणून ते तेथेच थांबले नाहीत. अधिक बारकाईचे मापन करून २०१३ साली ते प्रसिद्ध केले. एकट्या प्रोटॉनच्या उडीच्या सुमारे वीसपट सामर्थ्य भरले. डंबेलच्या आकारावरून जेवढे अपेक्षावे त्याच्या जवळपासचे ते आहे. फेरी पुरी झाली नाही. पण जेवढे वळणे झाले ते दोन्ही गोळ्यांनी मिळून केले, असे त्यावरून म्हणता येते.

आता कार्बन. त्याच्या तळच्या रांगेत अंक २ ची पायरी ४.४४ एककांवर, ३ ची ९.६४ वर, ४ ची १४.०८ वर आहे. येथे विषम अंक ३ कसा आला? डंबेलच्या रांगेत तो आला असता, तर आम्ही अनुमान सोडून दिले असते. परंतु तीन धोंड्यांची चूल डोळ्यांपुढे आणा : ती अर्ध्या फेरीत पूर्ववत् दिसत नाही, एकतृतीयांश फेरीत दिसते. अशा त्रिकोणास अंक ३ चालतो आणि ५ ही चालतो. मग अंक ५ ची पायरी कोठे? पाचास साहांनी गुणून ३०. त्या हिशोबाने ती २२ एककांच्या आसपास हवी. २०१४ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथील संशोधकांच्या प्रयोगात ती २२.४ वर आढळली. रांगेची पूर्णता ही दुसरी कसोटी म्हणतात ती हीच.

हॉईल यांच्या पायरीवर मात्र चित्र धूसर होते. ७.६५ च्या वर अंक २ ची पायरी सुमारे ९.९ एककांवर आणि अंक ४ ची १३.३ वर आहे, असे २०११ ते २०१३ या काळातील प्रयोगांनी दाखविले. म्हणजे हॉईल-पायरीपासून त्यांची उंची सुमारे २.२ आणि ५.६. तळच्या रांगेशी तुलना करता या पायऱ्या निम्म्याने बसक्या आहेत. तेव्हा जडत्व दुप्पट आणि आकार पसरलेला, असे एक मत. चुलीचे धोंडे दूर सरकले, पण चूल फिरतेच आहे, असे या पक्षाचे म्हणणे. उलट पक्ष म्हणतो की, येथे चूलच नाही. तीन आल्फा कण वायूतील रेणूंसारखे सैलपणे वावरत आहेत आणि वरची पायरी म्हणजे त्यांपैकी एकास मिळालेला धक्का. ही कल्पना २००१ साली पुढे आली. दुसऱ्या पायरीचे पहिलीशी प्रमाण ३.३३ हवे, ते येथे सुमारे २.५ आहे, हे पहिल्या पक्षास जड जाते. परंतु या पायऱ्या इतक्या पसरट आहेत, की त्या आकड्यावर सारा भार टाकणे दुसऱ्या पक्षासही शोभणार नाही. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनवर आणि युरोपात हा कार्बन कसा मोडतो हे पाहिले गेले. तिन्ही कण एकदम सुटण्याचा प्रकार हजारांत एकदाही होत नाही. बहुतेक सर्व वेळा आधी एक आल्फा कण सुटतो आणि मागे राहते ते आपले बेरिलियमचे डंबेल.

तिसरी कसोटी येथे का लावीत नाहीत, असे कोणी विचारील. कारण असे की, किरण निघण्याचा संभव उडीच्या पंचघाताप्रमाणे घटतो. बेरिलियममध्ये उडी सुमारे आठ एककांची होती, येथे ती सव्वादोनाची आहे. एवढ्यानेच संभव सातआठशे पटींनी उतरतो. तो किरण पकडणे अद्याप साधलेले नाही.

तेव्हा आजोबांस आमचे उत्तर असे. हाफ्नियम फिरतो, असे आम्ही निःशंक म्हणू. कारण तीन निरनिराळ्या साक्षी जुळतात. बेरिलियमच्या बाबतीत मुंबईच्या मापनानंतर तसे म्हणण्यास आधार आहे. त्यापूर्वी तो संभव होता. हॉईल यांच्या पायरीवरील कार्बनाबद्दल आम्ही ‘फिरत असावा’ इतकेच म्हणू, आणि तेही खालच्या आवाजात. पत्रिका पाहणारा तिन्ही ठिकाणी एकाच ठामपणाने बोलतो, आणि आपले सांगणे कोणत्या गोष्टीने खोटे ठरेल हे आधी कधी सांगत नाही. येथे तो किरण अपेक्षित सामर्थ्याचा न निघता, तर दातार यांच्या मंडळींस बेरिलियमचे फिरणे सोडून द्यावे लागले असते. आणि हे त्यांस प्रयोगापूर्वीच ठाऊक होते. भेद आहे तो इतकाच. परंतु आम्हांस तो पुरेसा वाटतो.

भगिनींनी हे सदर मामंजींस वाचून दाखवावे. त्यांची आणखी शंका निघाली, तर ती अवश्य लिहून कळवावी. आणि चिरंजीवांस आमचा निरोप असा की, बेरिलियमच्या रांगेतील अंक ६ ची पायरी दंडकाप्रमाणे कोठे यावी, हे त्यांनी स्वतः काढावे. आणि ती काढल्यावर आजोबांना आधी हे सांगावे की, ती सापडल्यास कोणत्या तीन साक्षी मागाव्या लागतील.